कोळशांच्या विस्तवावरची न्याहरी

दूरच्या शहरात धर्मशास्त्र शिकून एकदा एक तरुणी आपल्या गावी परतली. येताना तिने मनात एक संध्याकाळ रंगवली होती. अंगणात सतरंजी अंथरलेली आहे. एका बाजूला आई-वडील, दुसऱ्या बाजूला काका-काकू, आणि मध्ये ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसली आहे. ईस्टरच्या आधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात रोज एक प्रसंग वाचायचा, त्यावर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचे, आणि रविवारच्या पहाटे पुनरुत्थानाचा अर्थ उमगलेले एक कुटुंब म्हणून एकत्र उभे राहायचे. घरोघर असे व्हावे अशी तिची तळमळ होती. सुरुवात अर्थातच आपल्या घरापासून.

प्रत्यक्षात तिला दिसले ते अंगण.

अंगण दोन्ही घरांना मिळून एकच होते. पण सकाळी दोन खराटे दोन बाजूंनी येत आणि मधला एक पट्टा तसाच सोडून मागे फिरत. त्या पट्ट्यावर लिंबाचा वाळका पाला साचला होता. लहानपणीच ती वसतिगृहात शिकायला गेली होती, आणि ख्रिसमसच्या सुट्टीच्या धावपळीत तो तिला कधी दिसला नव्हता. आता ती मुक्कामाला आली होती, आणि आता तो दिसल्यावाचून राहीना.

या तरुणीचे नाव सुनीती. तिचे वडील भानुदास गवंडीकाम करीत. धाकटे काका शिमोन मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून घरी आल्यावर, सुनीतीने वडिलांना विचारले, "पप्पा, उद्या संध्याकाळपासून वाचन सुरू करू. काका-काकूंना बोलावू ना?"

वडिलांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "बोलव की. ते येणार असले तर मला आधी सांग. मी तेवढा वेळ चर्चच्या पायरीवर जाऊन बसतो."

रात्रीच्या भाकरी थापताना आईने तिला सगळे सांगितले. "दोन्ही घरांत विस्तव जात नाही गं, सुनीती. तुला कशाला सांगायचं म्हणून नाही सांगितलं."

गोष्ट जुनी होती. गोदी नावाची एक बाई सुया, पोत आणि फण्या विकत गावोगाव हिंडायची. रविवारी चर्चच्या पायरीवर बसून ती गाणी ऐकायची. कधी आत आली नाही, कधी तिने बाप्तिस्मा घेतला नाही. एका उन्हाळ्यात ती त्याच पायरीवर मरून पडली. तिचे नातलग कोणालाच ठाऊक नव्हते. चर्चचे पंच म्हणाले, आपल्या दफनभूमीत जागा बाप्तिस्मा झालेल्यांनाच. भानुदास आणि शिमोन या दोघा भावांनी कोणाला न विचारता दफनभूमीच्या कोपऱ्यात कबर खणली आणि तिला पुरले. पुढच्या रविवारी पंचांनी भर मंडळीत विचारले, हे कोणी केले? भानुदास उभा राहिला. म्हणाला, मी. पंचांनी विचारले, आणखी कोण होते? भानुदासने भावाकडे पाहिले. शिमोनची शाळेतली नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती आणि शाळा पंचांच्या हातात होती. शिमोन म्हणाला, "मी तिथं नव्हतो. मला काही ठाऊक नाही."

भानुदासला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवण्यात आले. पुढे पंच बदलले, पाळक बदलले, बंदीही उठली. तरी भानुदास मेजापाशी गेला नाही. उपासनेला तो अजूनही येई, शेवटच्या बाकावर बसे, आणि भाकर मोडायची वेळ आली की उठून बाहेर जाई. विचारले तर एवढेच म्हणे, "जिथं तो हात पसरतो, तिथं मी पसरणार नाही."

"आणि आता तर," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "शिमोनभावजी घर सोडून चाललेत. ईस्टर झाला की सोमवारी टेंपो सांगितलाय. मुलाकडं जाणार, कायमचे. एकदा कुलूप लागलं की मग कोण कशाला येतंय."

सुनीतीच्या हातात आठवडा होता. ईस्टरच्या पहाटे सारी मंडळी दफनभूमीत जमते, आणि त्या पहाटेचा उपदेश पाळकसाहेबांनी यंदा तिला दिला होता. गावातल्या मुलीने त्या जागी उभे राहण्याची ती पहिलीच वेळ. वडिलांनी त्यासाठी नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता. मृत्यूवर जीवनाचा जय झाला असे मंडळीला सांगायचे, आणि आपल्याच अंगणातला पाल्याचा पट्टा ओलांडता येत नाही, हे तिला सहन होईना. तिने ठरवले, आठवडा संपण्याआधी हे मिटवायचेच.

सोमवारी सतरंजीवर ती, आई आणि वडील असे तिघेच बसले. मंगळवारीही तिघेच. बुधवारी काका त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. अंधारात त्यांचा फक्त सदरा दिसत होता. ते ऐकत आहेत हे सुनीतीला कळले आणि तिला मोठा हुरूप आला. गुरुवारीही ते येऊन बसले. वडिलांनी त्या दिशेला पाठ केली, पण ते उठून गेले नाहीत. सुनीतीला वाटले, आता एकच धक्का पुरे आहे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमधली तीन तासांची उपासना करून सगळे थकून घरी आले होते. संध्याकाळी सुनीतीने वाचनासाठी पेत्राचा प्रसंग घेतला. प्रभूला पकडून नेलेले आहे, आणि त्याचा जिवलग शिष्य अंगणात शेकत उभा राहून, मी त्याला ओळखत नाही, असे म्हणतो आहे. ती खणखणीत आवाजात वाचत होती. वाचता वाचता तिने तोंड काकांच्या ओट्याकडे केव्हा वळवले, ते तिलाही कळले नाही. शेवटी तिने प्रश्न विचारला, "आपण प्रत्येकानं मनाशी विचारायचं आहे. आपल्या जवळच्या माणसाला आपण असं नाकारलंय का? नाकारलं असेल, तर ईस्टरच्या पहाटे मंडळीपुढं उभं राहून ते कबूल करायची आपली तयारी आहे का?"

ओट्यावरचा पांढरा सदरा हलला. दार लागल्याचा आवाज झाला, आणि आतून कडी पडली.

आईने कपाळाला हात लावला. वडील मात्र ताठ बसले होते. त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, पोरी. फार चांगलं वाचलंस. इतक्या वर्षांत कोणी असं वाचलं नव्हतं."

इतक्या दिवसांत तिच्या वाचनाची वडिलांनी केलेली ही पहिलीच स्तुती होती. आपण उघडलेले शास्त्र वडिलांच्या हातात दगडासारखे गेले आहे, हे तिला दिसले. दगड मात्र तिनेच वेचून दिला होता.

शनिवारी सकाळी नळावर काकू भेटल्या. डोळे सुजलेले होते. "रात्री जेवले नाहीत ते. पहाटेच्या उपासनेला यायचं नाही म्हणतात. सोमवारचा टेंपो उद्या सकाळीच बोलावलाय. मंडळी दफनभूमीत असेल तेव्हा आपण निघू, कोणाचं तोंड बघायला नको, म्हणतात." हंडा डोक्यावर घेताना त्या थांबल्या. "तुला बोल लावत नाही गं. पण कडी तू लावायला लावलीस, सुनीती."

सुनीती घरी गेली नाही. ती थेट दफनभूमीकडे निघाली, कारण रूथबाई तिथेच असणार हे तिला ठाऊक होते.

रूथबाई म्हणजे गावची म्हातारी बायबलबाई. कापडी पिशवीत शास्त्र घालून तिने आयुष्यभर वाड्यावस्त्यांवर बायकांना वाचून दाखवले होते. सुनीतीला अक्षरे गिरवायला तिनेच शिकवले होते, आणि शास्त्रातली पेत्र, मार्था, जक्कय ही सगळी माणसे जणू शेजारच्या आळीतली असल्यासारखी तिला तिनेच भेटवली होती.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्या गावात घरोघरची माणसे चुन्याच्या बादल्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरी रंगवतात. पहाटेच्या अंधारात पणत्या लागल्या की त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. सुनीती पोचली तेव्हा सगळीकडे कुंचले चालू होते. रूथबाई मात्र ओळीच्या बाहेर, कोपऱ्यातल्या गोदीच्या कबरेपाशी, रिकामी शेगडी पुढ्यात घेऊन बसली होती.

"बाई, माझ्या हातून फार वाईट झालं," असे म्हणून सुनीती सांगू लागली. म्हातारीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "विस्तव आण."

"काय?"

"शेगडीभर निखारे आण तुमच्या चुलीतले. शहरात एवढं शिकलीस, विस्तव आणायला विसरली नाहीस ना?"

सुनीतीला राग आला. पण ती गेली, आणि शेगडी भरून घेऊन आली. रूथबाईने निखारे नीट पसरले, पिशवीतून सुके बोंबील काढले आणि एकेक करून विस्तवावर ठेवले.

थोड्याच वेळात सारी दफनभूमी त्या वासाने भरून गेली. कुंचले थांबले. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस कोणी मासळीला हात लावला नव्हता. कोणी नाकाला पदर लावला, कोणी नुसतेच आवंढा गिळू लागले. जेकब पंच हातातला कुंचला तसाच घेऊन तरातरा आले.

"रूथबाई! आज दुःखाचा शनिवार. प्रभू कबरेत आहे, आणि तुम्ही इथं बोंबील भाजताय? चाळीस दिवस काढलेत, एक रात्र निघेना का?"

"मी कुठं खातेय, जेकब? भाजतेय फक्त. वास घेतला तर उपास मोडतो का, ते तुम्ही कमिटीत ठरवा."

मागे कोणीतरी फिसकन हसले. पंच पुटपुटत परत गेले. सुनीतीचा चेहरा लाल झाला होता. आपण दोन घरे कशी सांधायची ते विचारायला आलो आणि ही म्हातारी चारचौघांत आपली शोभा करते आहे, असे तिला वाटले. ती उठणार, इतक्यात फाटकातून तिचे वडील आत आले.

त्यांच्या हातात चुन्याची बादली होती. ते दरवर्षी न चुकता गोदीच्या कबरेला स्वतः चुना लावत. तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. आताही ते सरळ कोपऱ्याकडे येत होते. वास आला तसे त्यांचे पाऊल अडखळले. त्यांनी शेगडीकडे पाहिले, मग म्हातारीकडे.

"बाई, इथं हे काय?"

"ये, भानुदास. वास ओळखीचा वाटतो का?"

त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"ही कबर कोणी खणली?" रूथबाईने सहज विचारले. हवापाण्याची चौकशी करावी तसे.

"मी. गावाला ठाऊक आहे."

"जमीन कशी होती रे?"

"मुरूम. खाली कातळ. पहार बसत नव्हती."

"पहार एकाच्या हातात असली, तर खड्ड्यातून माती वर कोण ओढत होतं? गवंडी आहेस तू. तूच सांग मला."

भानुदासच्या मुठीत बादलीची कडी कुरकुरली. "बाई, तो विषय नको."

"मी विषय काढत नाही. बोंबील भाजतेय. गोदीला अंघोळ घातली ती मी. मला पंचांनी काही विचारलं नाही, कबरेपाशी बायकाही असतात हे कोणाला आठवत नाही. खणून झालं तेव्हा दोन माणसांना चालवत नव्हतं. मी इथंच शेगडी पेटवून बोंबील भाजले, याच दगडावर. दोन माणसांनी एका फडक्यावरची भाकरी खाल्ली. एकाचे तळहात फुटले होते. दुसऱ्यानं त्याला घास मोडून दिले. कोण होती ती माणसं?"

वारा पडला होता. वास जागचा हलत नव्हता.

"तो म्हणाला ना," भानुदासचा आवाज चिरकला, "भर मंडळीत म्हणाला, मी तिथं नव्हतो. मी त्याच्याकडं बघत असताना म्हणाला."

"म्हणाला. मी ऐकलं. आणि तू एवढी वर्षं काय म्हणतोस? मी एकट्यानं खणली. म्हणजे तो तिथं नव्हता. त्यानं एकदा भिऊन म्हटलं, भानुदास. तू दरवर्षी चुना लावून म्हणतोस."

सुनीतीने वडिलांना इतके पांढरे पडलेले कधी पाहिले नव्हते. आता ते ओरडतील किंवा शेगडी लाथाडतील, असे तिला वाटले. त्यांनी बादली खाली ठेवली. थोडा चुना सांडून त्यांच्या वहाणेवर आला. मग ते वळले आणि कोणाकडे न पाहता फाटकाबाहेर निघून गेले.

"बाई, तुम्ही हे काय केलंत!" सुनीती जवळजवळ रडत म्हणाली. "काकांना मी घालवलं, पप्पांना तुम्ही. आता उरलं काय?"

रूथबाईने चिमट्याने बोंबील उलटले. "पेत्रानं नाकारलं, तेव्हा तो कुठं उभा होता गं?"

"प्रमुख याजकाच्या अंगणात. शेकत."

"कशावर?"

सुनीती थबकली. काल संध्याकाळी तिने तो शब्द मोठ्याने वाचला होता. "कोळशांच्या विस्तवावर."

"मग पुढं, सगळं झाल्यावर, तोच विस्तव परत कुठं येतो?"

"समुद्राच्या काठावर. उठलेला प्रभू शिष्यांसाठी मासळी भाजून ठेवतो, आणि या, न्याहरी करा, म्हणतो." ती हळूच म्हणाली, "यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलंय, बाई."

"मार्क मिळाले?"

"पैकीच्या पैकी."

"मार्क मिळाले, मासळी राहिली," म्हातारी हसली. मग तिने चिमटा बाजूला ठेवला आणि तिचा आवाज बदलला. लहानपणी धडा शिकवताना बदलायचा, तसा.

"ऐक. मरणातून उठलेल्या माणसाला कुठंही जाता आलं असतं. ज्यांनी त्याला क्रुसावर चढवलं त्यांच्या दारात जाऊन, बघा, मी आलोय, असं म्हणता आलं असतं. तो गेला नाही. तो ज्यांनी सोडलं त्यांना शोधत गेला, आणि त्यानं आधी विस्तव पेटवला. पेत्राच्या नाकात त्या अंगणातल्या कोळशांचा वास बसलेला. जन्मभर कुठंही शेकोटी दिसली की त्याची मान खाली गेली असती. म्हणून प्रभूनं त्याला त्याच वासापाशी परत आणलं. पण या खेपेला विस्तवावर अन्न होतं. आधी खायला घातलं, आणि मग विचारलं. विचारलं तेही, तू असं का केलंस, हे नाही. माझ्यावर तुझी प्रीती आहे का, एवढंच. तू काल शुक्रवारचा विस्तव पेटवलास, पोरी, आणि तिथंच थांबलीस. शुक्रवारच्या विस्तवावर माणूस नुसता भाजतो. ईस्टर म्हणजे तोच विस्तव आणि त्यावर न्याहरी."

सुनीतीने बाजूचा चिमटा उचलून एक बोंबील उलटला. मग तिने विचारले, "पण काकांनी कबूल तर करायला हवं ना? आणि पप्पांनी?"

"हवंच. पण उपाशी माणसाकडून घेतलेली कबुली म्हणजे नुसता जबाब. तो पोलीस घेतात." रूथबाईने बोंबील फडक्यात गुंडाळले आणि तिच्या ओटीत ठेवले. "हे घेऊन जा. शेगडीही ने. आता सांगू कोणाला काही नकोस. तुझं सांगून फार झालंय."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"नाही आले तर निवतील, आणि तू एकटी खाशील," म्हातारी म्हणाली. "समुद्राच्या काठी त्यालाही हाक मारून वाट बघावी लागली होती."

त्या रात्री भानुदास जेवले नाहीत.

पहाटे घंटा झाली. माणसे पणत्या घेऊन दफनभूमीकडे निघाली. "प्रभू उठला आहे!" असे कोणी म्हटले की अंधारातून "खरोखर उठला आहे!" असा जबाब येई. सुनीतीची साडी नेसून झाली होती, उपदेश पाठ होता. ती दारात आली, आणि तिने पाहिले, काकांच्या दारापुढे टेंपो उभा होता. ट्रंका चढवून झाल्या होत्या.

तिने पदर खोचला आणि कोपऱ्यातला खराटा घेतला. अंगणातला मधला पट्टा ती झाडू लागली. खालचा पाला ओला होऊन मातीला चिकटला होता, निघता निघत नव्हता. तो निघाल्यावर तिने तिथे शेगडी आणून ठेवली, चुलीतले निखारे घातले, रूथबाईचे बोंबील वर ठेवले आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागली. आई आतून भाकरी घेऊन आली. ती काही न विचारता शेजारी बसली.

बोंबलांचा वास दोन्ही घरांत एकदमच गेला असावा. काकू पहिल्या बाहेर आल्या, नाकाला पदर लावून. "अगं बाई, ईस्टरच्या सकाळी बोंबील? केक करायचे दिवस आहेत!"

"बसा काकू. काकांना हाक मारा. न्याहरी करून जा."

शिमोन हातात शेवटची वळकटी घेऊन उंबऱ्यात आले. "नको बाळा. ड्रायव्हर खोळंबलाय. ऊन व्हायच्या आत..." त्यांचे वाक्य पुरे झाले नाही. समोरच्या दारात मोठा भाऊ नवा पांढरा सदरा घालून उभा होता.

सगळे थांबले. दूर दफनभूमीत गाणे सुरू झाले होते. सुनीतीच्या ओठांवर वाक्ये येत होती, एकाहून एक चांगली. तिने ती गिळली आणि पुठ्ठा हलवत राहिली.

"शिमोन," भानुदास म्हणाले. कित्येक वर्षांत त्या अंगणात ते नाव त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. "ती जमीन मुरमाची होती. एकट्याला खणताच आली नसती."

शिमोनच्या हातून वळकटी सुटली. "दादा, मी तिथं नव्हतो म्हणालो."

"ऐकलं होतं मी."

"नोकरी जाईल म्हणून... मी रोज, रोज, दादा..."

"बस," भानुदास म्हणाले. "आधी बस. बोंबील जळतील."

दोघे भाऊ झाडलेल्या पट्ट्यावर समोरासमोर बसले. भानुदासनी भाकरी मोडली आणि अर्धी पुढे केली. शिमोन ती नुसती हातात धरून बसले, तेव्हा भानुदासनी एक घास मोडून त्यांना दिला. टेंपोवाल्याने थोडा वेळ पाहिले आणि इंजिन बंद केले. काकूंनी त्यालाही एक भाकरी नेऊन दिली.

एवढ्यात पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, धापा टाकत फाटकापाशी आल्या. "सुनीती, अगं गाणी संपत आली! सगळी मंडळी तुझी वाट बघतेय. तुझा उपदेश आहे ना?"

सुनीतीने वर पाहिले. पूर्वेला तांबडे फुटले होते. ज्या क्षणासाठी ती इतक्या लांबून शिकून आली होती, तो क्षण फाटकात उभा होता. तिने शेगडीवर आणखी दोन बोंबील ठेवले.

"प्रभू उठला आहे, पाळकबाई," ती म्हणाली. "साहेबांना म्हणावं, आज तुम्हीच बोला. आमच्याकडं अजून न्याहरी चालू आहे."